नंदेश्वर बाई आणि समुद्राकाठचं सोवळं गाव

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. पुढचं सगळं हिंगण्याच्या कारखान्यात शिकलो. हेल्पर म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून बाहेर पडलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुस्तकांवर बोलायचा मला अधिकार नाही असं देवतळे गुरुजींचं म्हणणं आहे. गुरुजी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सचिव, बी.ए., बी.एड. मी मोहोड, अध्यक्ष. तर मी पुस्तकावर बोलतच नाही. नंदेश्वर बाईंवर बोलतो. आता बाई जिथे जातील तिथे त्यांच्या काखेत पुस्तक असायचं, त्याला माझा इलाज नाही.

आमचं मंडळ हुडकेश्वरकडच्या लेआउटमध्ये, समाजभवनाच्या खालच्या खोलीत भरतं. मंडळ मी काढलं आणि भिंतीवर तेरा नियमही मीच पेंटरकडून लिहून घेतले. शब्द माझे, शुद्धलेखन गुरुजींचं. दुपारी चार म्हणजे चार. सुनेची निंदा करू नये. आपल्या आजाराचं वर्णन पाच मिनिटांच्या वर नेऊ नये. पत्ते, तंबाखू, बिडी बंद. आणि तेरावा नियम असा की, जो नियम मोडेल त्याचं नाव पटावरून कमी होईल आणि मंडळात कोणी त्याच्याशी बोलणार नाही. कारखान्यातल्या माझ्या शॉपमध्ये एकशे चाळीस माणसं होती. नियमाशिवाय माणूस चालत नाही हे मला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

बाई पहिल्यांदा आल्या त्या दिवशी सरळ त्या फळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. उंच, सडपातळ बाई. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, मान जराशी डावीकडे कललेली. तेराही नियम त्यांनी उभ्याउभ्या वाचले आणि एकदम हसल्या.

"काहून हसता, बाई?" मी विचारलं.

"काही नाही, भाऊ. हे सारं माझ्या पुस्तकात आहे. साडेतीनशे वर्षं झाले त्याले. फक्त तुमच्याकडे समुद्र नाही."

माझ्या फळ्यावर कोणी हसलं तर मी त्याला सोडत नाही. पण त्यांनी पटावर सही केली, चारच्या आधी केली, आणि सरळ रेषेत केली. म्हणून सोडलं.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मोबाईलच्या आधीचा जमाना. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा आणि तासन्‌तास वाट पाहायची. नागपूरहून कलकत्ता, मुंबई, मद्रास, साऱ्या लाइनी बाईंच्या हातून गेल्या. इंग्रजी त्या कानानं शिकल्या. डोक्यावर हेडफोन चढवून पस्तीस वर्षं काढली म्हणून मान डावीकडे गेली ती गेलीच. आवाज मात्र असा की कूलरच्या घरघरीतून शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द न्‌ शब्द पोचायचा. मध्ये कोणी बोललं की त्या रागावत नसत. एक बोट वर करून म्हणत, "होल्ड करा." माणूस होल्ड व्हायचा. मी कारखान्यात शिट्टी वाजवून जे करत होतो ते बाई एका बोटानं करत.

ट्रंक कॉलचे असतात तसे माणसांचे त्यांनी तीन वर्ग केले होते. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. आमची वत्सला, म्हणजे माझी बायको, मंडळात यायला निघाली की घरातूनच बोलत निघते. तिला बाई म्हणायच्या, "वत्सलाबाई लाइटनिंग आहेत, त्यायले थांबवता नाही येत." गुरुजी ऑर्डिनरी. निरोप पोचतो, पण संध्याकाळ होते. मी विचारलं, "अन् मी?"

"तुम्ही पी.पी. कॉल, भाऊ. ज्याच्याशी बोलायचं तो माणूस स्वतः फोनवर आल्याशिवाय तुम्ही तोंड उघडत नाही."

सगळे हसले. मला ते चांगलं वाटलं. त्याच्यात टोमणा आहे हे कळायला मला पुढे बराच वेळ लागला.

आता पुस्तकांचं. बाई एकाच जातीच्या कादंबऱ्या वाचायच्या. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं मिळतात. तिथून त्यांनी एकदा मुखपृष्ठावर जहाज पाहून एक कादंबरी उचलली. वाटलं, प्रवासाची गोष्ट असेल. निघाली प्युरिटन लोकांची. "प्युरिटन म्हणजे काय?" असं गुरुजींनी माहीत असूनही विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "सोवळे लोक. गोरे सोवळे." हे लोक इंग्लंडातले. तिथला देवधर्म बाटला आहे, चर्चमध्ये नुसता थाटमाट आहे, असं म्हणून जहाजात बसले आणि समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले. तिथे जंगल तोडलं, गाव वसवलं आणि ठरवलं की हे गाव एकदम शुद्ध ठेवायचं. नाच नाही, नाटक नाही, रंगीत कपडा नाही. त्या लोकांच्या रोजच्या जगण्यावर पुढे कोणीकोणी कादंबऱ्या लिहिल्या, बाई त्या हुडकून हुडकून आणायच्या. घरी दोन कपाटं होती म्हणतात. मी एकच पाहिलं.

मी एकदा त्यांना स्पष्ट विचारलं, "बाई, तुमची दीक्षा झालेली, तुम्ही विहारात जाता. या गोऱ्या ख्रिस्ती लोकायचं तुमाले काय पडलं?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "भाऊ, मी सहा वर्षांची होती. छप्पन साली माझा बाप दीक्षा घेऊन कन्हानले घरी आला. खाणीत कामाले होता तो. आल्याबरोबर घरातले सारे देव टोपलीत भरले अन् नदीत सोडले. आमचा सारा मोहल्लाच एका दिवसात नवीन झाला. मोठा आनंद होता घरात. पण माझी आजी कोपऱ्यात बसली अन् तीन दिवस जेवली नाही. तिच्या लुगड्याच्या गाठीत देवाचा एक टाक लपवलेला होता. चिमटीएवढा, चांदीचा."

"मग? बापानं फेकला?"

"आईनं सांगतलं त्याले. बाप म्हणे, मले माहीत आहे. मी माह्या मनानं आलो, तिले तिच्या मनानं येऊ द्या. आजी दोन वर्षांनी स्वतः नदीवर गेली." बाईंनी चष्मा परत चढवला. "म्हणून मी हे वाचते. जुनं सोडून नवं गाव वसवणारे लोक पुढे आपल्याच म्हातारीसंग कसे वागतात, हे मले पाहायचं राहते. प्रत्येक पुस्तकात पाहते."

त्या टोपलीचं दोनतीन दिवस डोक्यात राहिलं.

तर बाई रोज चार ते पाच आम्हाला कादंबरी सांगायच्या. समोर इंग्रजी पुस्तक उघडं आणि तोंडातून आमची नागपुरी. सांगताना लाकडी पट्टी ओळीखाली सरकवत जायच्या, म्हणून एक ओळ सुटायची नाही. त्या सोवळ्या लोकांत मुलींची नावं गुणांवरून ठेवत असत, धीर, दया, आशा अशी. त्यामुळे नावांचा त्रास नव्हता. गावच्या धर्मगुरूला आम्ही महाराज म्हणायचो.

पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. त्या गावात रविवारी तीन तीन तास प्रवचन चालायचं आणि लोकांना झोप यायची. तर त्यासाठी एक माणूस नेमलेला, हातात लांब काठी. पुरुष झोपला की काठीच्या गाठीनं डोक्यावर टोला. बाई झोपली की दुसऱ्या टोकाला बांधलेल्या कोल्ह्याच्या शेपटीनं तोंडावर गुदगुल्या.

"बाई, हे मोहोडसमोर नका वाचू!" मागून कोणीतरी ओरडलं. "उद्या काठी घेऊन येईन तो!"

वत्सला म्हणाली, "काठी आहे घरी. शेपटीचंच पाहावं लागन."

मी म्हटलं, गुरुजी कारभाराचं वाचून दाखवतात तेव्हा अर्धं मंडळ घोरतं, त्यामुळे ही पद्धत काही वाईट नाही. मी आजही तेच म्हणतो.

दुसरं भांडण नाताळावरून. त्या गावात नाताळ करायला बंदी होती. गुरुजी उठून उभेच राहिले. "अशक्य! ख्रिस्ती माणूस अन् नाताळ बंद? पुस्तकात चुकलं आहे." बाईंनी बोट वर केलं. "होल्ड करा, गुरुजी. पुस्तकात नाही चुकलं. त्यांचं म्हणणं होतं, हा सण जुन्या बाटक्या धर्मातला आहे. त्या दिवशी जो सण करताना दिसला त्याले शिक्षा. कामावर जाजो म्हणे." गुरुजी तीन दिवस नातवाच्या मोबाईलवर शोधत होते. चौथ्या दिवशी काही न बोलता येऊन खुर्चीवर बसले, त्यावरून समजलं की बाई बरोबर होत्या.

ही बंदीच त्या कादंबरीचं मूळ. दया नावाची एक विधवा बाई. तिची सासू मरणाला टेकलेली. म्हातारी जुन्या देशातून आलेली, तिला एकदा नाताळचा मनुका घातलेला गोड पाव खायचा होता. दयानं दार लावून पाव भाजला. पण वास काही दार लावून राहत नाही. शेजारच्यानं जाऊन सांगितलं. म्हातारी पाव खाऊन तिसऱ्या दिवशी गेली. तिला माती दिल्यावर दयाला चौकात आणलं आणि लाकडी खोड्यात हात अडकवून दिवसभर उभं केलं. त्यानंतर गावानं ठरवलं, हिच्याशी कोणी बोलायचं नाही.

ते वाचलं त्या दिवशी बायकांनी पदर डोळ्याला लावले. वत्सला तर म्हणाली, "बाई, तुमी आपल्या मनानं बदलून टाका नं. महाराजाले ताप येऊ द्या अन् हिनंच सेवा केली असं सांगा. आपल्याले कोण विचारते?"

बाई म्हणाल्या, "नाही वं. ऑपरेटरनं लाइन जोडून द्यायची असते. बोलणं बदलायचं नसते. मी पस्तीस वर्षं लोकायच्या मरणाच्या बातम्या जोडून दिल्या. एकदाही मधात बोलली नाही."

इथे मला किसनाचं सांगावं लागेल.

किसना लांजेवार माझ्याच शॉपमध्ये होता. बावीस वर्षं आम्ही एका मोटारसायकलवर हिंगण्याला गेलो. चालवायचा तो, मागे डबे धरून मी. लेआउटमधले प्लॉटही शेजारी शेजारी घेतले. त्याची बायको पार्वती वारली तेव्हा मीच त्याला मंडळात आणला. आणि दोन महिन्यांनी एका दुपारी मी पाहतो तर हा कोपऱ्यात सतरंजीवर पत्ते मांडून बसलेला. स्वतःच्या हातात पानं आणि समोरही पानं मांडलेली. म्हणजे जोडीदार होता आणि मला पाहून सटकला, असं मी धरलं. सगळ्यांसमोर विचारलं, "दुसरा कोण आहे?"

किसनानं मान वर केली नाही. "तुले काय करायचं आहे? फोरमन तू कंपनीत होता. इथं नाही."

चाळीस माणसांसमोर बोलला. त्याच दिवशी तेरावा नियम लावून मी त्याचं नाव कमी केलं. आजपर्यंत तो नियम फक्त त्याच्यावरच लागला आहे.

तेव्हापासून किसना दुपारी समाजभवनासमोरच्या पुलियावर, नालीवरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसायचा. रस्त्याच्या पलीकडे. घरी भिंती, इकडे नियम, तर बिचारा तिथे. गोष्टीचा आवाज त्याला जायचा, पण मधल्या रहदारीनं शब्द पोचत नसत. दीड वर्ष आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. बाई मात्र येताजाता त्याच्यापाशी थांबायच्या. मी हटकलं तर म्हणाल्या, "नियमात 'मंडळात' असं लिहिलं आहे, भाऊ. पुलिया मंडळात येत नाही." नियम माझा होता.

पाव भाजणाऱ्या दयाची गोष्ट पुढे सरकली. एक वर्ष गेलं. गावात सभा बसली की, या बाईला परत घ्यायचं की नाही. महाराज उभा राहिला. आणि बाईंनी तिथंच पुस्तकात पट्टी ठेवली.

"उद्या सांगीन. पण मले आधी सांगा, तुम्ही त्या सभेत असते तं काय केलं असतं?"

हा प्रश्न आमच्या मंडळाला विचारायला नको होता. तीन दिवस चर्चा चालली. एकानं सांगितलं, शेजाऱ्यालाच खोड्यात घाला. गुरुजी म्हणाले, प्रकरण समितीकडे द्या. बायका एका बाजूला झाल्या आणि त्यांनी साफ सांगितलं की दयाला घेतलं नाही तर उद्यापासून चहा मिळणार नाही. शेवटी मी उठलो. मी म्हटलं, "आपण नुसतं बोलत नाही. आपलं मंडळ आहे. ठराव करू."

आणि आम्ही ठराव केला. हे मी लपवत नाही. इतिवृत्ताच्या वहीत गुरुजींच्या अक्षरात अजून आहे: सदर महिलेस गावाने तात्काळ सन्मानाने परत घ्यावे, आणि ज्यांनी तिला काढले त्या महाराजांनी स्वतः तिच्या घरी जाऊन तिला बोलवावे. सूचक वत्सलाबाई मोहोड. सर्वानुमते मंजूर. खाली अध्यक्षाची सही. स्वतः घरी जाऊन हा तुकडा मीच घातला होता. म्हटलं, निरोप पाठवून भागत नाही. ज्यानं काढलं त्याचे पाय झिजले पाहिजेत. टाळ्या पडल्या.

"वाचा आता, बाई!" सारे म्हणाले. "पाहू त्या गावानं काय केलं!"

बाईंनी पुस्तक उघडलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मान तशीच डावीकडे. "ठराव मंजूर झाला, मोहोड भाऊ. अंमलबजावणी व्हायची आहे."

"कोणाची?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. हॉलमधले सगळेच तिकडे पाहायला लागले. पुलियावर किसना पाठमोरा बसला होता.

माझं डोकं तापलं. "ते वेगळं आहे, बाई. ती मरणाऱ्या म्हातारीसाठी पाव भाजत होती. हा पत्ते खेळत होता."

"कोणासंग?"

"मले काय माहीत? समोर दुसरा हात मांडलेला होता. मी माह्या डोळ्यानं पाहिलं."

"तो पार्वतीचा होता, भाऊ." बाई हळू बोलल्या, पण तो आवाज हळू बोलला तरी पोचायचा. "दोघं नवराबायको रोज दुपारी सातआठचा डाव खेळत. ती गेल्यावर तो दोन्ही हात वाटते. तिचे पानं तिच्या बाजूनं बसून खेळते. बहुतेक वेळा तीच जिंकते म्हणे."

मी चप्पल घातली आणि घरी निघून आलो. त्यावेळी माझ्या मनात किसनाबद्दल काही नव्हतं. चाळीस माणसांसमोर मला दुसऱ्यांदा खाली पाहायला लावलं, एवढंच होतं. जे होतं ते लिहितो.

दुसऱ्या दिवशी बाई चारला आल्या, सही केली आणि पुस्तक मांडीवर ठेवून बसल्या. बंद. तिसऱ्या दिवशी तसंच. कोणी म्हटलं, "बाई, एक पान तरी." बाई म्हणाल्या, "लाइन इकडूनच बंद आहे, मी काय करू?" चौथ्या दिवशी माझ्याशी कोणी बोललं नाही. नियम न लावता चाळीस माणसांनी मला वाळीत टाकलं. घरी वत्सलानं ताटात भाकर वाढली आणि म्हणाली, "जेवा. खोड्यात हात अडकले असतीन तं भरवून देऊ काय?"

त्या संध्याकाळी मी गुरुजींकडून वही मागवली. चष्मा लावून, बोट ठेवून ठराव वाचला. मला वाचायला वेळ लागतो, पण सही माझी होती हे लगेच वाचता आलं. कारखान्यात मी ज्या कागदावर सही केली तो कागद कधी मागे घेतला नाही. मॅनेजरच्या सांगण्यावरूनही नाही. माझ्या सहीवर एकशे चाळीस माणसं मशीन सुरू करत होती. आता या वयात मी स्वतःची सही खोटी पाडू काय? लोक म्हणतात मोहोड नरमला. मी नरमलो नाही. मी सहीला जागलो. बाईंना हे आधीपासून माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही.

सकाळी मी गेलो. मार्च सरत होता. किसना अंगणात कूलर उघडून जुनं गवत भरलेला पत्रा काढत होता. मला फाटकात पाहिलं आणि काम तसंच चालू ठेवलं.

"काय गा?" तो म्हणाला.

"मंडळाचा ठराव झाला आहे. तुले घ्यायले आलो."

"माह्यावर ठराव?"

"तुह्यावर नाही. एका बाईवर आहे."

किसनाच्या हातातला पत्रा खाली पडला. "कोन्त्या बाईवर?"

"अमेरिकेतली आहे. तिले गावानं वाळीत टाकलं."

"कधी?"

"साडेतीनशे वर्षं झाले."

किसना माझ्याकडे नीट पाहत राहिला. "मोहोड, तुले ऊन लागलं काय गा? घरी कोणी आहे काय तुह्या?"

"सही माझी आहे," मी म्हटलं. "ज्यानं काढलं त्यानं घरी जाऊन बोलवायचं असं लिहिलं आहे. म्हणून आलो. चाल."

तो कूलरच्या टाकीत हात धुवायला लागला. बराच वेळ धूत होता. मग मी म्हणालो, "पार्वतीचा हात होता हे मले माहीत नव्हतं."

"तू विचारलं कुठी? तू तं हजेरी घेऊन राहिला होता." त्यानं हात झटकले. "मी पत्ते आणीन."

"नाही. नियम आहे."

"मग नाही येत. जाय."

मी फाटकापर्यंत गेलो. फाटकाची कडी उघडली, लावली, परत उघडली. "आणजो," मी म्हटलं. "खिशात ठेवजो."

चहा घेतला, जुन्या गोष्टी निघाल्या, कूलरचं गवत दोघांनी मिळून बसवलं, जेवणही तिथंच झालं. त्यामुळे मंडळात पोचायला चार वाजून दहा मिनिटं झाली. माझ्या उभ्या आयुष्यात झालेला तो एक उशीर. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण बाईंनी बोट वर केलं होतं. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची छत्री उचलून खाली ठेवली. किसना तिथे बसला.

"हं, बाई!" वत्सला म्हणाली. "झाली अंमलबजावणी. सभेचा निकाल सांगा आता!"

बाईंनी पुस्तक उघडलं, पट्टी काढली आणि पानं मागे मागे उलटत पार सुरुवातीला गेल्या.

"अवं बाई, मागे कुठी चालल्या? निकाल पुढे आहे!"

"नवीन माणूस आला आहे," बाई म्हणाल्या. "त्याले मधातून काय समजणार?" आणि त्यांनी जहाजापासून सुरुवात केली.

चाळीस माणसं चरफडली, पण कोणी उठलं नाही. काठी आणि शेपटी परत आली, किसना इतका हसला की त्याला ठसका लागला. नाताळाची बंदी परत आली, आणि किसना उठून म्हणाला, "हे अशक्य आहे!" तेव्हा गुरुजींनी त्याला बसवून सारं समजावून सांगितलं, जसं काही ते आधीपासूनच मानत होते. किसना प्रश्न फार विचारायचा. जहाजात पाणी किती दिवसांचं भरत, मनुका त्या देशात कुठून आल्या, खोड्याचं लाकूड कशाचं. त्यामुळे दिवसाला चारपाच पानंच व्हायची.

नवव्या की दहाव्या दिवशी रायपूरहून बाईंची मुलगी आली. डोळ्यांचं ऑपरेशन होतं. पंधरा दिवसांत येते म्हणून बाई गेल्या. ऑपरेशन चांगलं झालं, पण तिथेच एका सकाळी छातीत कळ आली आणि त्या गेल्या. पुस्तक त्यांच्यासंगं गेलं. त्याचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नाही, दयाची गोष्टच म्हणत आलो. गुरुजी नातवाकडून शोधून घेतो म्हणाले. मी नको म्हटलं. त्या गावानं काय केलं हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही, आणि आमचा ठराव तर वहीत आहेच.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना शेवटचं पाहिलं. पाच वाजून गेले होते. सगळे पांगले तरी किसना त्यांच्या खुर्चीजवळ उभा राहून हुज्जत घालत होता.

"बाई, तुमी चालल्या पंधरा दिवस. मले एकाले कानात सांगून द्या नं, घेतलं का नाही तिले? मी कोणाले सांगणार नाही."

"क्रमानं, किसनभाऊ. सध्या ती खोड्यात आहे. हात सुटायलेच संध्याकाळ होते."

"एवढं एकच सांगा, तिच्याशी कोणी बोललं का?"

बाईंनी छत्री उघडली. "पानी पाजायले एक जण आला होता. कोण ते उद्या..." मग त्यांना आठवलं की उद्या नाही, आणि त्या हसल्या. "आल्यावर सांगीन."

त्या रस्ता ओलांडून निघाल्या. काखेत ते जाड पुस्तक, मान डावीकडे. पुलियापाशी आल्यावर सवयीनं थांबल्या आणि बोलायला तोंड उघडलं. मग मागे वळून आमच्या दाराकडे पाहिलं. दारात मी कुलूप लावत होतो आणि किसना माझी पिशवी धरून उभा होता. बाईंनी हात वर केला आणि चालायला लागल्या. पुलियावर कोणीही बसलेलं नव्हतं.